लाभाचं माप

स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच मला एरंडेलाचा वास आला. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एरवी पेट्रोलचा वास येतो, भाडेकरूंच्या बुटांचा येतो, आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांच्या मॅगीचा. हा वेगळा होता. लहानपणी पोट साफ करायला आई माझं नाक दाबून जे पाजायची, त्याचा. मी हेल्मेट न काढताच कोपऱ्याकडे धावले, कारण त्या कोपऱ्यात माझा गहू होता.

ताडपत्रीवर पाय पसरून आत्या बसल्या होत्या. आत्या म्हणजे धोंडाबाई, माझ्या सासूबाई. पुढ्यात गव्हाचा छोटा ढीग, बाजूला एरंडेलाच्या रिकाम्या बाटल्या, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत तेलाने चकाकत होते. मागे पोती तोंडं शिवून भिंतीला टेकवून ठेवली होती.

“आलीस? झालंच बग,” त्या म्हणाल्या. “एवडा ढीग ऱ्हायलाय.”

“आत्या, सगळ्याला लावलं?”

“मंग? निम्म्याला लावून निम्मा काय किड्यास्नी सोडायचा?”

मी जवळच्या पोत्याची शिवण उसवून हात आत घातला; तो तेलकट निघाला.

यात एवढं हादरण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळून ठेवणं आपल्याकडे घरोघरी चालतं. कीड लागत नाही, आणि दळायच्या आधी फडक्याने पुसलं की झालं. पण हा पोळ्यांचा गहू नव्हता. हा ब्रेडचा गहू होता. त्याला तेलाचा थेंब लागता कामा नये अशी घेणारणीची अट होती, आणि त्या अटीवर आमचं उरलेलं एकुलतं एक रान टांगलेलं होतं. परवा पाडवा होता आणि पाडव्याला निकाल लागायचा होता.

ते रान आमच्या घरामागे आहे, हिंजवडीजवळ नेऱ्यात, दोन सोसायट्यांच्या मधोमध. बाकीची जमीन माझ्या लग्नाआधीच गेली, त्यातून ही बिल्डिंग उभी राहिली, आणि आता आम्ही खोल्यांचं भाडं खातो. माझा नवरा राजू चांगला माणूस आहे, पण मोकळी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्याचा मित्र वाल्मीक बांधकामांना परांचीचं सामान पुरवतो, लोखंडी पाइप आणि पत्रे. ते ठेवायला त्याला जागा हवी होती. राजूने रान दाखवलं. त्या मातीवर एकदा पाइपांचे ट्रक फिरले की तिथे पुन्हा नांगर लागत नाही, हे मला कोणी सांगायला नको. मी शिरूरकडची, शेतातच वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं मला ओळखीचं वाटलं ते फक्त ते रान. मी रडायला तिथे जाते, भांडून झाल्यावर तिथे जाते. ते गेलं तर मी जाणार कुठे?

नेमकी त्याच सुमाराला जुईली भेटली. ती अकोल्याची. हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसून कंटाळली आणि मारुंजीच्या रस्त्यावर बेकरी काढली. तिला जवळपासच्या शेतातला गहू हवा होता, खास ब्रेडसाठी निघालेल्या, एकरी भरपूर उतारा देणाऱ्या जातीचा. संशोधन केंद्रातून बी मी आणते, म्हणाली. मी घरी येऊन हे सांगितलं तर राजू हसला. माझे सासरे हैबतराव, त्यांना मी मामा म्हणते, ते हसले नाहीत.

“मुळशीत भात पिकतो,” ते म्हणाले. “गहू म्हंजे हौस. पन कर. एक रब्बी दिली तुला. पाडव्याला त्या बाईनं बांधावर येऊन ‘मला हा गहू पायजे’ म्हनायचं. म्हनली तर रान तुज्या हातात. न्हाई म्हनली तर वाल्मीकची गाडी आत.”

मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते स्वतः मागे फिरत नाहीत आणि समोरच्यालाही फिरू देत नाहीत. मी हो म्हणाले, आणि पुढचे चार महिने माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

भात काढल्यावर जमीन अशी घट्ट झाली होती की ट्रॅक्टरवाल्याने कपाळाला हात लावला. पेरणीला उशीर झाला तर थंडी हातची जाते, आणि आमच्याकडे थंडी असते ती किती? ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागून लागून बी वेळेत पाडलं. उगवलं दाट. सोसायटीतली माणसं सकाळी फिरायला निघाली की कुंपणातून बघायची आणि “लॉन छान ठेवलंय” म्हणायची. मी म्हटलं, म्हणा.

ओंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा राखून ठेवलेला युरियाचा हप्ता घेऊन मी रानात उतरले. मामा बांधावरून बघत होते.

“ओंबी आल्याव कोन खत घालतं गं?”

जुईलीने मला समजावलं होतं. या जातीला दाणे पुष्कळ लागतात, पण दाणे वाढले की त्यांच्यातलं बळ वाटलं जातं. मग पीठ ताणलं की तुटतं आणि ब्रेड बसतो. उतारा आणि ब्रेड दोन्ही हवेत, तर गव्हाला शेवटी एकदा पुन्हा खाऊ घालायचं. मी मामांना म्हटलं, बाळंतिणीला लाडू देतात ना, तसं समजा.

दाणा चिकात, अजून दुधाळ असताना वारं सुटलं. जमिनीला पाणी हवं होतं, पण ओल्या मातीत वारं आलं की जड ओंबीचा गहू आडवा होतो, आणि आडवा झालेला पुन्हा उठत नाही. मी मोटारीच्या बटणाशी उभी राहायची, आभाळाकडे बघायची, परत फिरायची. शेवटी पिकला, उभाच पिकला, तर पश्चिमेकडून ढग आले. पिकलेल्या ओंबीवर पाऊस पडला तर दाण्याला आतून मोड फुटायला लागतात आणि ब्रेडचं वाटोळं होतं. हार्वेस्टर आला तो गल्लीच्या तोंडाशी अडकला, कारण दोन्ही बाजूंना सोसायटीवाल्यांच्या गाड्या. मी एकेका इमारतीच्या वॉचमनला बेल मारायला लावल्या आणि खालून ओरडले, की ज्यांची गाडी असेल त्यांनी काढा, नाहीतर मशीन वरून जाईल. गाड्या निघाल्या. गहू निघाला. पाऊस त्या रात्री पडलाच नाही, पण ते आम्हाला आधी कसं कळणार?

रानातच रास झाली. पोती पुढे काट्यावर गेली, पण पहिलं माप आमच्याकडे पायलीनेच घेतात. मामांनी पायली काठोकाठ भरली आणि म्हणाले, “लाभ.” रास मोजताना एक म्हणायचं नसतं. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. हा रब्बीचा लाभ आमच्या घरात भैरवनाथाचा. तो पांढऱ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याशी ठेवतात आणि पाडव्याला मामा देवळात नेऊन देतात. बरीच वर्षं भातानंतर रान रिकामंच असायचं, फडक्यात बांधायला काही नव्हतं. त्या दिवशी मामांनी गाठ मारली, सोडली आणि पुन्हा नीट मारली.

असा तो गहू. आणि तो आता पार्किंगमध्ये तेल पिऊन बसला होता.

“कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला?” माझा आवाज फुटला तो असा, की पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. “राजूने? रान नकोच आहे ना कोणाला? मग सरळ सांगायचं होतं. चार महिने माझी गंमत बघत बसलात?”

ओरडणं ऐकून राजू खाली आला. वास घेतला, पोत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसू गिळलं.

“मी न्हाई सांगितलं, शप्पत,” तो म्हणाला. “आईला कोन सांगायला जातंय? आन् हे बघ, उन्हात पसरू, फडक्यानं पुसू. तिला कशाला सांगायचं? कुनाला कळतंय?”

खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. उन्हात वास जाईल, दाणा पुसला जाईल, जुईली विश्वासाने घेईल. मग वाटलं, त्या पोरीने स्वतःच्या स्कूटरवरून बी आणून दिलं होतं, आणि मी तिला फसवणार? मी तापट आहे, खोटारडी नाही.

“राजूनं कशाला सांगाय पायजे,” आत्या हळूच म्हणाल्या. “दुकानातला गहू खातुया किती वर्सं. त्याला काय तेल लावायचं? आज पोत्यात हात घातला, घरचा दाना हाताला लागला, आन् मला ऱ्हावंना. सकाळधरनं बसलीया. तुजं सोनं किडू ने म्हनून.” त्यांनी हात पदराला पुसले. बोटांची पेरं सुजली होती. “लावू नको म्हनून तू मला बोलली न्हाईस गं.”

ते खरं होतं. तेल नको, पावडर नको, हे मी हार्वेस्टरवाल्याला सांगितलं होतं, हमालांना सांगितलं होतं, वॉचमनलासुद्धा सांगितलं होतं. घरातल्या माणसाला सांगायचं राहून गेलं. मला त्यांचा राग आला, मग माझा आला, आणि मग नुसतंच रडू आलं.

मी तिथेच उभी राहून जुईलीला फोन केला. सगळं सांगून टाकलं.

“ताई, मग मी नाही घेऊ शकत,” ती म्हणाली. “तेलाचा दाणा माझ्या चक्कीत चिकटतो. आणि बाहेर पाटीवर मी लिहिलंय, गव्हाला काही लावलेलं नाही. खोटं कसं लिहू?”

“बरोबर आहे तुझं.”

“थोडासुद्धा बिनतेलाचा नाही उरला? निदान ब्रेड करून बघितला असता. जात चालते की नाही एवढं तरी कळलं असतं.”

मी म्हटलं, बघते. पोत्यांची मला काळजी नव्हती. पाडव्यानंतर सोसायटीतल्या बायका वर्षाचा गहू भरतात, आयता तेल लावलेला मिळतोय म्हटल्यावर उड्या पडल्या असत्या. प्रश्न मामांच्या शब्दाचा होता. जुईलीने बांधावर उभं राहून गहू मागितला नाही, तर वाल्मीकची गाडी आत.

सकाळी उजाडल्यावर मी रानात गेले. म्हटलं, मशीनमागे पडलेल्या ओंब्यांचा सरवा तरी वेचू. वाकून वाकून कंबर मोडली आणि हातात आला तो जेमतेम पसाभर. शेजारच्या बांधकामावरच्या बायकांनी सगळा सरवा आधीच टिपून नेला होता. त्यांनी का नेऊ नये? मी ओंब्या ओच्यात घेऊन घरी आले आणि पायरीवर बसले. डोकं चालेना. मामा देवळाच्या रंगकामावर देखरेख करायला गेले होते, राजू वाल्मीकशी फोनवर गाडीची वेळ ठरवत होता. मला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलत होता, तेच जास्त झोंबलं.

“शुभांगे, आत ये,” आत्यांनी हाक मारली.

त्या देव्हाऱ्यापुढे उभ्या होत्या. हातात पांढऱ्या फडक्याचं गाठोडं होतं.

“ह्याला तेल न्हाई,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी दोन पावलं मागे सरले. “आत्या, हा लाभ आहे. देवाचा.”

“ठावं हाय मला.”

“मामा जीव घेतील.”

“घेतील तर माजा घेतील.” त्यांनी गाठोडं छातीशी धरलं. “रान ऱ्हायलं तर देवाला दर साल लाभ. तितं पाइपांची रास घातल्याव त्यातनं काय लाभ काढनार हाय तुजा मामा? चल. गाडी काढ.”

लग्नानंतर इतक्या वर्षांत या बाईने मामांपुढे आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा त्या मामांना विचारतात. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी स्कूटर काढली.

गाठोडं त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. मांडीवर घेऊन मागे बसल्या, आणि मारुंजीच्या खड्ड्यांतून जाताना एका हाताने मला धरलं तर दुसऱ्या हाताने त्याला. बेकरीच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि जुईलीलाही काढायला लावल्या.

“देवाचं हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यात अंडं-बिंडं न्हाई ना घालनार?”

“नाही हो आजी. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट.”

“त्ये काय?”

“आंबवण.”

“मंग चालतंय.”

जुईलीच्या छोट्या चक्कीतून पीठ पडायला लागलं. गरम पिठाचा वास आला आणि आत्यांनी डोळे मिटले. जुईलीने मूठभर पीठ मळून गोळा केला आणि नळाखाली धरून धुवायला लागली. पांढरं पाणी वाहायला लागलं. पाणी निवळेपर्यंत ती धूत राहिली, आणि शेवटी तिच्या हातात उरला तो रबरासारखा एक चिवट गोळा. तिने तो दोन्ही हातांनी ताणला. ताणला, ताणला, आणि तो तुटला नाही. त्याच्या पापुद्र्यातून खिडकीचा उजेड दिसत होता.

“ताई, बघा,” ती म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता. “हे असलं की ब्रेड उभा राहतो.”

आत्या पुढे वाकून बघत होत्या. “अगं, ह्यो तर चोथा,” त्या म्हणाल्या. “कुरडईचा चीक काडून घेतला की हेच ऱ्हातं. आमी म्हशीला घालायचो.”

जुईली हसून हसून ओट्याला टेकली. मला हसू येईना. गोळा ताणला गेला म्हणजे ब्रेड फुगेल असं नाही, हे तिनेच मला सांगितलं होतं. तिने उरलेलं पीठ मळलं, झाकून ठेवलं, ते फुगलं, पुन्हा दाबलं, आणि देवाचं माप फुटू नये म्हणून सगळं एकाच मोठ्या साच्यात घातलं. दुपार त्यात गेली. आत्या पाटावर बसल्यासारख्या उंच स्टुलावर मांडी घालून बसल्या होत्या आणि एकदाही उठल्या नाहीत. भट्टीच्या काचेशी मी उभी राहिले. बराच वेळ काही हललं नाही. पृष्ठभाग सपाट, मध्ये जरा दबलेला. संपलं, असं मी मनात म्हटलं. मग कडेने एक चीर पडली, आणि तिथून तो वर यायला लागला, हळूहळू, साच्याच्या काठावर, काठाच्याही वर. मी आत्यांचा हात इतका घट्ट धरला की त्या ओरडल्या.

पाडव्याच्या सकाळी वाल्मीकची गाडी बांधाला लागली. पाइप उन्हात चमकत होते आणि इंजिन चालूच होतं. आमची गुढी गच्चीवर उभी होती, ती रानातून दिसत होती. जुईली ब्रेड कापडात गुंडाळून आली. आत्या नऊवारी नेसून आल्या. राजू आणि वाल्मीक गाडीशी उभे होते. मामा सगळ्यांत शेवटी आले, डोक्याला पांढरी टोपी, देवळात जायच्या तयारीत.

“बोल बाई,” त्यांनी जुईलीला विचारलं. “हा गहू पायजे का न्हाई?”

जुईलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं तेच सांग, असं आमचं ठरलं होतं.

“मामा, गहू फार चांगला आहे. मी ब्रेड केला, इतका चांगला बाहेरच्या गव्हाचाही होत नाही. पण पोत्यांतल्या गव्हाला तेल लागलंय, तो मला घेता येणार नाही. पुढच्या वर्षीचा सगळा द्या, मी सगळा घेते.”

“म्हंजे हा नको,” राजू म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. “हा गहू पायजे, असं ठरलं हुतं, बाबा.”

“पुढचा पाहिजे म्हणतेय ती!” मी ओरडले. “ही जात चालते, हे रान चालतं, अजून काय पाहिजे?”

“शुभांगी.” मामांनी हात वर केला. त्यांचा चेहरा उतरला होता, त्यांनाही हे आवडत नव्हतं, ते मला दिसलं. पण ते मामा होते. “शबूद म्हंजे शबूद. हा गहू म्हनलो हुतो मी. वाल्मीक, घे गाडी.”

वाल्मीकने गाडीत चढून गिअर टाकला. पुढचं चाक बांधावर चढलं आणि मातीचं ढेकूळ फुटून खाली पडलं. मी गाडीपुढे जाऊन उभी राहणार होते, पाय उचललाही होता, तेवढ्यात आत्यांनी माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं.

“आदी देवाचा लाभ पोचवा,” त्या मामांना म्हणाल्या. “मंग घाला काय घालायचं त्ये.”

“जाताना नेतो की. देव्हाऱ्याशी हाय.”

“तितं न्हाई.”

“मंग कुटंय?”

आत्यांनी जुईलीच्या हातातला ब्रेड घेतला, कापड सोडलं आणि त्यांच्यापुढे धरला. “हितं.”

मामांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की वाल्मीकने आपणहून इंजिन बंद केलं.

“देवाचं माप मोडलं?” ते म्हणाले. “कुनी मोडलं?”

“मी.”

ती एवढीशी बाई, त्यांच्या खांद्याला लागणारी. पण नजर खाली गेली नाही. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“दुसरी पायली भर,” ते म्हणाले. “जा, पोत्यातनं भर.”

“त्याला एरंडेल लावलंय. तेलाचा दाना देवाला घालनार हाय व्हय?”

“मंग दुकानातनं आन!”

“दुकानातला लाभ?” आत्या म्हणाल्या. “लगीन होऊन आल्यापास्नं तुमीच सांगत आलाय, ज्या रानाचा लाभ त्याच रानानं द्यायचा. इकत आनलेला देव घेत न्हाई. सांगत आलाय का न्हाई?”

मामांनी गच्चीवरच्या गुढीकडे बघितलं. मागे सोसायटीत कोणाच्या तरी घरात पाडव्याची आरती चालली होती, तिची घंटा ऐकू येत होती.

“म्हंजे देवाचं उसनं झालं,” ते म्हणाले.

“झालं.”

“आन् फेडायचं तर हितनंच.”

“हितनंच.”

“बाबा, एका पायलीसाठी?” राजू पुढे आला. “अहो, वाल्मीकला काय सांगू मी?”

“पायलीसाठी न्हाई रं. देवाचं उसनं डोक्याव ठिवून मी पाइपांचं भाडं खाऊ?” मामा चाकाने फोडलेल्या बांधाकडे गेले, वाकले आणि पडलेलं ढेकूळ उचलून परत जागेवर बसवलं. मग गाडीवर हात आपटला. “वाल्मीक, वळव. दुसरीकडं बग जागा.”

गाडी मागे सरली. मी आत्यांकडे बघितलं. काल देव्हाऱ्यापुढे गाठोडं उचललं तेव्हाच त्यांना हे सगळं दिसलं होतं का? त्या पदराने हात पुसत होत्या. एरंडेलाचा वास अजून गेला नव्हता.

मामांनी ब्रेड दोन्ही हातांत घेतला, नारळ घेतात तसा, आणि देवळाच्या वाटेला लागले. थोडं जाऊन थांबले. वळून आत्यांकडे बघितलं.

“काय सांगू देवाला?”

“उसनं घेतलंय म्हना,” आत्या म्हणाल्या. “सून फेडंल.”